घरी निघून गेलेला माणूस

अथेन्सच्या बाजारचौकाला लागून 'थोलॉस' नावाची एक गोल इमारत होती. लोकशाहीच्या काळात नगरमंडळाचे पाळीवर असलेले सभासद तिथे जेवत आणि त्यांच्यापैकी काही जण रात्री मुक्कामालाही राहत. शहरावर कोणत्याही क्षणी संकट आले तरी कोणीतरी जागे असावे, हा त्यामागचा हेतू. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरले, लोकशाही मोडली आणि सत्ता तीस जणांच्या एका गटाच्या हाती गेली. या गटाने थोलॉसही आपल्या ताब्यात घेतली. एके दिवशी तिथे पाच नागरिकांना बोलावणे आले. आज्ञा थोडक्यात होती: सॅलमिस बेटावर जा आणि लिऑनला घेऊन या. त्याला मारायचे आहे.

लिऑनवर खटला चालला नव्हता, त्याच्यावर काही शाबीतही झाले नव्हते. आणि त्याला आणायला सत्ताधाऱ्यांकडे स्वतःची माणसे नव्हती असेही नाही. त्यांना नागरिकांचे हात हवे होते. शक्य तितक्या लोकांचे हात बरबटले की तक्रार करायला स्वच्छ माणूस उरत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. पाचांपैकी चौघे सॅलमिसला गेले आणि लिऑनला घेऊन आले. पाचवा माणूस थोलॉसमधून बाहेर पडला आणि आपल्या घरी निघून गेला.

तो पाचवा माणूस सॉक्रेटिस. ही हकीकत त्याने स्वतःच इ.स.पू. ३९९ मध्ये आपल्या खटल्यात न्यायाधीशांसमोर सांगितली, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. तिच्यात कसलाही आवेश नाही. ते लोक सॅलमिसला गेले, मी घरी गेलो. ती राजवट लवकर कोसळली नसती तर बहुधा या कारणासाठी मला मारले असते, एवढेच तो म्हणतो.

ग्रीक नीतिविचाराची ओळख आपल्याला बहुतेक वेळा व्याख्यांमधून होते. सद्गुण म्हणजे काय, सुवर्णमध्य म्हणजे काय, सुखाचे प्रकार किती. या व्याख्या महत्त्वाच्या आहेतच. पण ज्या प्रश्नातून त्या निघाल्या तो प्रश्न थोलॉसच्या दारात उभा आहे. आजूबाजूचे सगळे जण एखादी चुकीची गोष्ट करायला निघाले असताना, नकार देण्याची किंमत जबर असताना आणि नकाराने परिणाम बदलण्याची शक्यता जवळपास शून्य असताना, एखादा माणूस 'नाही' कशाच्या बळावर म्हणतो? आणि दुसरा प्रश्न अधिक अवघड: तेवढे 'नाही' पुरेसे असते का?

आर्गिनुसायचा खटला

लिऑनच्या प्रसंगाआधी दोनेक वर्षे, लोकशाही शाबूत असताना, सॉक्रेटिसवर असाच प्रसंग येऊन गेला होता. तो समजून घेतला पाहिजे, कारण तिथे हुकूम देणारा जुलमी सत्ताधीश नव्हता. तिथे लोकच होते.

इ.स.पू. ४०६ मध्ये लेस्बॉस बेट आणि आशिया मायनरचा किनारा यांच्यामधल्या आर्गिनुसाय बेटांजवळ अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात मोठे आरमारी युद्ध झाले. अथेन्सने तीस दिवसांत ११० जहाजे उभी केली होती. वल्ही मारायला माणसे पुरेनात म्हणून गुलामांनाही जहाजांवर घेतले आणि त्याबदल्यात त्यांना मुक्त केले. लढाई अथेन्सने जिंकली. पण त्यांची २५ जहाजे गेली होती आणि त्यांवरचे लोक फुटक्या फळकुटांना धरून पाण्यात तरंगत होते. त्यांना वाचवण्याचे काम काही जहाजकप्तानांवर सोपवले गेले. तेवढ्यात वादळ आले आणि कोणालाच जाता आले नाही. माणसे बुडाली. प्रेते हाती लागली नाहीत, त्यामुळे विधिवत दफनही झाले नाही. ग्रीकांच्या दृष्टीने हे मरणाइतकेच मोठे दुःख होते.

विजयाची बातमी आणि मृतांची संख्या एकदमच शहरात पोहोचली. लढाईतल्या आठ सेनापतींपैकी सहा जण परत आले, दोघांनी परतण्याचे टाळले. सहा जणांना अटक झाली. त्यांच्यात थोर पेरिक्लिसचा त्याच नावाचा मुलगाही होता. पहिल्या सभेत सेनापतींनी वादळाची हकीकत सांगितली, खलाशांनी साक्षी दिल्या, आणि लोकांचे मन वळू लागले. पण संध्याकाळ झाली, वर केलेले हात मोजता येईनात, आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

मधल्या दिवसांत कुळांचा सण आला. सणाला घरातले सगळे एकत्र जमतात तेव्हा रिकामी जागा जास्त बोचते. इतिहासकार झेनोफन सांगतो की पुढच्या सभेत काळी वस्त्रे घातलेले, डोके भादरलेले पुष्कळ लोक आले होते, आणि त्यांची जमवाजमव सेनापतींच्या विरोधकांनी केली होती. एक जण पुढे आला आणि म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो. बुडणाऱ्यांनी मला निरोप दिला की सेनापतींनी आम्हाला सोडून दिले. कॅलिक्झेनस नावाच्या सभासदाने ठराव मांडला: आता चर्चा नको, सहाही जणांचा निकाल एकाच मतदानाने लावावा, दोषी ठरल्यास देहदंड.

हे अथेन्सच्या कायद्याविरुद्ध होते. प्रत्येक आरोपीची सुनावणी स्वतंत्र व्हायला हवी होती. युरिप्टोलेमस या नागरिकाने हा आक्षेप घेतला. त्यावर सभेत ओरडा झाला की लोकांना हवे ते करू न देणे हाच अनर्थ आहे. आक्षेप घेणाऱ्यांनाही सेनापतींबरोबरच आरोपी करा, अशी सूचना आली, आणि आक्षेप मागे घेतले गेले. ठराव मताला टाकण्याचे काम नगरमंडळाच्या पाळीवरच्या पन्नास सभासदांचे होते. काहींनी प्रथम नकार दिला, पण आरोपाची धमकी ऐकताच ते घाबरून कबूल झाले. फक्त एकाने ऐकले नाही. आयुष्यात एकदाच नगरमंडळावर बसलेला सॉक्रेटिस म्हणाला, मी कायद्याविरुद्ध काही करणार नाही.

ठराव तरीही मताला आला. युरिप्टोलेमसने स्वतंत्र सुनावणीची उपसूचना मांडली. पहिल्या मोजणीत ती मंजूरही झाली, पण हरकत घेऊन पुन्हा मत घेतले तेव्हा पडली. सहाही सेनापती मारले गेले. काही काळाने अथेन्सला पश्चात्ताप झाला, लोकांची दिशाभूल करणाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. कॅलिक्झेनस पळाला, पुढे परत आला आणि सगळ्यांच्या तिरस्कारात उपासमारीने मेला. पण सेनापती गेले ते गेलेच.

या हकीकतीत दुष्ट माणसे फारशी नाहीत. मुलगा गमावलेले बाप आहेत, घाबरलेले सभासद आहेत, रांगेत उभे राहून हंडीत मताचा खडा टाकणारे हजारो सामान्य नागरिक आहेत. प्रत्येकाचा वाटा एका खड्याएवढाच. प्लेटोने 'रिपब्लिक' या संवादात गायजिसच्या अंगठीची गोष्ट सांगितली आहे. ती बोटात फिरवली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावरही न्यायाने वागेल असा माणूस असेल का, हा ग्लॉकॉनचा प्रश्न. आर्गिनुसायच्या सभेकडे पाहिले तर लक्षात येते की त्यासाठी जादूची अंगठी लागत नाही. गर्दीत प्रत्येकाच्या बोटात ती असतेच. आज ती आणखी स्वस्त झाली आहे. खोट्या नावाचे खाते, न वाचता पुढे ढकललेला संदेश, हात वर करून एकमताने मंजूर केलेला ठराव, 'वरून आले आहे' म्हणून केलेली सही: यांत कर्ता दिसेनासा होतो आणि कृत्य मात्र उरते.

अन्याय करणे आणि अन्याय सोसणे

सॉक्रेटिसच्या नकारामागे एक विधान होते. 'गॉर्जियस' या संवादात तो ते मांडतो तेव्हा पोलस हा तरुण वक्ता त्याला हसतो. विधान असे: अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, आणि तेही ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्यासाठी नव्हे, तर जो करतो त्याच्यासाठी. पोलस मॅसिडोनियाच्या आर्केलॉसचे उदाहरण देतो. आपल्याच नातलगांचे खून पाडून तो राजा झाला. तो दुःखी आहे असे कोण म्हणेल? अथेन्समध्ये कोणालाही विचार, सगळे माझ्या बाजूने साक्ष देतील, असे पोलस म्हणतो. त्यावर सॉक्रेटिसचे उत्तर असे की मला सगळ्यांची साक्ष नको, तुझी एकट्याची हवी. तू स्वतः आपल्या म्हणण्याशी सुसंगत आहेस का ते पाहू.

इथे ग्रीक नीतिविचाराचे वळण दिसते. सॉक्रेटिस देवाच्या शिक्षेचा धाक आधी पुढे करत नाही. समाज काय म्हणेल याचाही आधार घेत नाही, कारण समाज काय म्हणतो ते त्याने सभेत पाहिले होते. त्याचा युक्तिवाद आरोग्याच्या उपमेवर उभा आहे. शरीर बिघडले की जगण्यात अर्थ वाटत नाही. मग ज्या मनाने आपण जगतो ते मनच अन्यायाने बिघडले तर काय उरले? लिऑनला आणायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी परततो तेव्हा त्याला लिऑनच्या मारेकऱ्याबरोबरच जेवायचे आणि झोपायचे असते. तो मारेकरी म्हणजे तो स्वतः.

या युक्तिवादात तर्काच्या फटी आहेत आणि प्लेटोच्या अभ्यासकांनी त्या दाखवल्याही आहेत. पोलसला अडचणीत आणताना सॉक्रेटिस 'लज्जास्पद' आणि 'हानिकारक' या शब्दांची जी सांगड घालतो, ती सगळ्यांना पटत नाही. पण विधानाचे वजन युक्तिवादावर जेवढे आहे, त्याहून जास्त ते आयुष्यावर आहे. 'गॉर्जियस' वाचणाऱ्या अथेन्सकराला सेनापतींचा खटला आणि लिऑन माहीत होते. बोलणारा माणूस या बोलण्याची किंमत दोनदा मोजायला तयार झाला होता, आणि तिसऱ्यांदा त्याने ती विषाच्या प्याल्यात मोजली.

सवयीची पूर्वतयारी

मात्र सॉक्रेटिसच्या विचारात एक उणीव राहते. त्याच्या मते चूक हे अज्ञान असते. चांगले काय ते खरोखर कळले तर माणूस त्याविरुद्ध वागणार नाही. अनुभव वेगळे सांगतो. पाळीवरच्या सभासदांना ठराव बेकायदा आहे हे कळत होते, म्हणूनच तर त्यांनी आधी नकार दिला. कळत होते, पण टिकले नाहीत.

ही उणीव अ‍ॅरिस्टॉटलने ओळखली. तो इ.स.पू. ३८४ मध्ये, म्हणजे सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावी जन्मला आणि वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत राहिला. 'निकोमाखीय नीतिशास्त्र' या त्याच्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी सातव्या भागात कळूनही न वळणाऱ्या माणसाचा सविस्तर विचार आहे. ग्रीक भाषेत या अवस्थेला 'अक्रासिया' म्हणतात, म्हणजे स्वतःवर ताबा नसणे. अशा माणसाला सामान्य नियम ठाऊक असतो. पण ऐन क्षणी भीती, राग किंवा मोह यांच्या भरात समोरची गोष्ट त्या नियमात बसते हे त्याच्या मनात जागे राहत नाही. दारूच्या नशेत श्लोक म्हणणाऱ्यासारखे त्याचे ज्ञान असते. तोंडी सगळे शब्द असतात, पण ते आत उतरलेले नसतात.

मग ते आत कसे उतरते? अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर गवंड्याच्या आणि वादकाच्या उदाहरणातून येते. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो; तसेच न्याय्य कृत्ये करून तो न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करून धीट होतो. ग्रीकमध्ये 'सवय' आणि 'स्वभाव' या अर्थांचे शब्द जवळजवळ एकच आहेत आणि त्या साम्याकडे तो मुद्दाम लक्ष वेधतो. आपण ज्याला सद्गुण म्हणतो त्या शब्दाचा ग्रीक अर्थ 'उत्तमपणा' असा आहे, आणि तो सुरीचा, घोड्याचा, वैद्याचा, कोणाचाही असू शकतो. माणसाचा उत्तमपणा सरावाने येतो. त्यात नुसती आज्ञाधारकता नाही. कोणत्या वेळी, कोणाशी, किती आणि कसे वागायचे याचे तारतम्यही त्यात आहे. या तारतम्याला आपल्या भाषेतला 'विवेक' हा शब्द बराच जवळचा आहे.

लिऑनसारख्या प्रसंगाचा विचारही अ‍ॅरिस्टॉटलने केला आहे. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो विचारतो: एखाद्या हुकूमशहाने तुमचे आईवडील आणि मुले ताब्यात ठेवून तुम्हाला नीच कृत्य करायला लावले, तर ते कृत्य तुमचे की त्याचे? वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणाऱ्या कप्तानाचे उदाहरण तो शेजारी ठेवतो. दोन्ही कृत्ये मिश्र आहेत, पण हालचाल करणारा हात कर्त्याचाच असल्याने ती अखेर स्वेच्छेच्या बाजूला जातात, असा त्याचा निर्णय. माणसाच्या सहनशक्तीपलीकडच्या दडपणाखाली केलेल्या कृत्याला तो क्षमा देतो. पण काही कृत्ये अशी असतात की ती करण्यापेक्षा मरण पत्करावे, हेही तो सांगतो. 'माझा नाइलाज होता' हे वाक्य दर वेळी खोटे नसते, पण दर वेळी खरेही नसते. ते केव्हा खरे आहे हे ठरवायला नियमांचे पुस्तक पुरत नाही, विवेक लागतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या ग्रंथाच्या दहांपैकी दोन पूर्ण भाग अ‍ॅरिस्टॉटलने मैत्रीला दिले आहेत. आधुनिक नीतिशास्त्राच्या पुस्तकात मैत्रीला इतकी जागा क्वचितच मिळते. त्याच्या दृष्टीने मित्र ही चांगल्या आयुष्याची शोभा नाही, ती त्याची अट आहे. चांगल्या माणसाला स्वतःचे वागणे ओळखायला, चांगले वागणे चालू ठेवायला सोबत लागते. सॉक्रेटिस सभेत एकटा उभा राहिला, पण बहुतेक माणसांना एकट्याने उभे राहता येत नाही, आणि अ‍ॅरिस्टॉटल बहुतेक माणसांसाठी लिहीत होता.

विसावे शतक पुन्हा तिथेच येते

एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये अ‍ॅडॉल्फ आइकमनचा खटला सुरू झाला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी आपण फक्त आज्ञा पाळल्या असे सांगत होता. खटल्याला हजर राहिलेल्या हॅना आरेंट यांना त्याच्यात राक्षस दिसला नाही. विचार न करणारा माणूस दिसला. पुढे त्यांनी उलटा प्रश्न विचारला: त्याच राजवटीत ज्यांनी सहभाग नाकारला त्यांच्यात वेगळे काय होते? ते अधिक शिकलेले नव्हते किंवा त्यांची मूल्यव्यवस्था अधिक पक्की होती असेही नाही. असे कृत्य केल्यावर आपण स्वतःबरोबर राहू शकू का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. आरेंट यांनी हा धागा थेट सॉक्रेटिसपाशी नेऊन जोडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनाचे प्रयोग सुरू केले. प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाढत्या ताकदीचे विजेचे झटके द्यायचे होते. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निकालात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि प्रयोगाच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. पण त्याच मालिकेतला दुसरा एक प्रयोग तेवढा प्रसिद्ध नाही. त्यात झटके देणाऱ्याबरोबर आणखी दोघे बसवले होते. ते मिलग्रॅम यांचेच लोक होते आणि ठरल्याप्रमाणे ते मध्येच उठून 'आम्ही पुढे करणार नाही' असे म्हणत. या वेळी ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले.

सव्वीसवरून चारवर. माणसे त्याच प्रकारची, यंत्र तेच, आज्ञा देणाराही तसाच. बदलले ते एवढेच की शेजारच्या दोघांनी नकार दिला. मैत्रीला दोन भाग देणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलला याचे नवल वाटले नसते.

नीतिशास्त्रात अ‍ॅरिस्टॉटल परत आला तोही अशाच एका सभेच्या पार्श्वभूमीवर. १९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना सन्माननीय पदवी द्यायचे ठरवले. हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकण्याचा हुकूम ट्रुमन यांचा. तिथे शिकवणाऱ्या एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम उठल्या आणि निरपराध लोकांना ठार मारण्याचा हुकूम देणाऱ्याचा गौरव करू नये, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बाजूने अगदी मोजके लोक होते. पदवी दिली गेली. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी आधुनिक नीतितत्त्वज्ञानावर एक लेख लिहिला. आपल्या 'कर्तव्य' या कल्पनेमागचा ईश्वरी कायद्याचा आधार निघून गेला आहे, शब्द मात्र तसाच उरला आहे. तेव्हा आधी अ‍ॅरिस्टॉटलसारखे सद्गुण, हेतू आणि कृती म्हणजे काय ते नीट समजून घ्या, असे त्यांनी बजावले. फिलिपा फुट आणि पुढे १९८१ मध्ये 'आफ्टर व्हर्च्यू' लिहिणारे अ‍ॅलेस्डेअर मॅकिंटायर यांनी हा प्रवाह पुढे नेला.

घरी जाणे पुरेसे आहे का?

आता दुसरा प्रश्न. सॉक्रेटिस घरी गेला, पण लिऑन मारला गेलाच. सभेत त्याने नकार दिला, तरी सेनापती मेलेच. मग उपयोग काय झाला?

अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी निवृत्तीनंतर ग्रीक भाषा शिकून १९८८ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा आक्षेप सरळ होता. सॉक्रेटिसने लिऑनला सावध का केले नाही? तीस जणांच्या राजवटीत पुष्कळ लोकशाहीवादी शहर सोडून गेले. तो का थांबला? या आक्षेपाची धार मान्य केली पाहिजे. सुमारे आठ महिन्यांच्या त्या राजवटीत कमीत कमी १५०० माणसे मारली गेली, असे अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा अथेन्सच्या राज्यव्यवस्थेचा ग्रंथ सांगतो. ती राजवट उलथली ती थ्रॅसिब्युलस आणि त्याच्याबरोबर फायली किल्ल्यावर जमलेल्या मूठभर निर्वासितांमुळे. आर्गिनुसायच्या वादळात बुडणाऱ्यांना वाचवायला नेमलेल्या कप्तानांपैकी हा एक. घरी गेलेल्या माणसामुळे जुलूम संपला नाही. परत आलेल्या माणसांमुळे संपला.

सॉक्रेटिसच्या बाजूने एवढे म्हणता येईल की सहभाग नाकारणे हा प्रतिकाराचा शेवट नसला तरी पाया आहे. तीस जणांचा हिशेबच मुळी नागरिकांच्या हातांवर होता. चार हात मिळाले म्हणून तो जुळला. पाचही जण घरी गेले असते तर?

हा 'तर' तेवीस शतकांनी एका माणसाने गंभीरपणे घेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर लादलेल्या नोंदणीच्या कायद्याला नकार दिल्याबद्दल मोहनदास गांधी जानेवारी १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या तुरुंगात गेले. त्याच वर्षी 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्यांनी सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचा गुजराती सारांश क्रमशः छापला. शीर्षक होते 'एक सत्यवीरनी कथा'. सॉक्रेटिसला त्यांनी सत्याग्रही म्हटले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे एका कढईत जाळली गेली. थोलॉसमधून एकटाच गुपचूप घरी गेलेला नकार इथे चव्हाट्यावर आला आणि सामूहिक झाला. सॉक्रेटिसचे 'मी करणार नाही' आणि अ‍ॅरिस्टॉटलची सोबत, दोन्ही त्या कढईपाशी एकत्र आली, असे म्हणायला हरकत नाही.

सत्तेला यातला धोका समजायला वेळ लागला नाही. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने 'हिंद स्वराज'बरोबर सॉक्रेटिसवरची ही छोटी गुजराती पुस्तिकाही जप्तीच्या यादीत घातली. इ.स.पू. ३९९ मध्ये दिलेले भाषण मुंबई इलाख्यात १९१० मध्येही राजद्रोही ठरले. ग्रीक विचार आज लागू पडतो का, या प्रश्नाचे उत्तर एका सरकारी अधिसूचनेने असे परस्पर देऊन टाकले होते.

मर्यादा आणि उरलेले काम

या विचाराला डोक्यावर घेण्याचे मात्र कारण नाही. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये लिहिले. स्त्रियांच्या बुद्धीला अधिकार नसतो असेही लिहिले. ज्या शहराने आर्गिनुसायला गुलामांना वल्ही देऊन मुक्त केले, त्याच शहरात सत्तरेक वर्षांनी हे लिहिले गेले. सरावाने स्वभाव घडतो हे ज्याने ओळखले, त्याला गुलामाचा स्वभाव गुलामीच्या सरावाने घडतो हे दिसू नये, हे त्याचे अपयश. ही भिंत पुढे स्टोइकांनी थोडी खिळखिळी केली. माणूस म्हणून सगळ्यांत एकच विवेक वसतो, असे ते मानत. त्यांच्यातला सर्वांत ताकदीचा शिक्षक एपिक्टेटस हा स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस त्याचे विचार गिरवत होता. तरीही गुलामगिरी मोडण्याचे काम स्टोइकांनी केले नाही. मन स्वतंत्र ठेवा, या शिकवणीत साखळी तशीच राहू देण्याची सोय असते. घरी निघून जाण्यात असते तशीच.

तेव्हा ग्रीकांकडून घ्यायचे ते तयार उत्तर नाही. घ्यायची ती प्रश्न विचारण्याची जागा. आपल्याकडे नीतीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला नियम आणि कायदे, दुसऱ्या टोकाला परिणामांचा हिशेब. दोन्ही लागतातच. पण कायदा धाब्यावर बसवणारेच सत्तेत असले आणि परिणाम आपल्या हातात नसले, तर दोन्ही टोके हातातून सुटतात. मग 'हे करून मी कोण होईन' एवढाच प्रश्न उरतो. सॉक्रेटिसने तो विचारला. त्याचे उत्तर ऐन क्षणी सुचत नाही, ते आधीच्या शंभर लहान प्रसंगांत घडत असते, हे अ‍ॅरिस्टॉटलने दाखवले. सोसायटीच्या बैठकीत एखाद्या भाडेकरूविरुद्ध सगळे एक झालेले असताना 'त्याचे म्हणणे ऐकू या' म्हणणे, कार्यालयात मागची तारीख घालून सही करायला नकार देणे, घरच्या गटावर आलेली विखारी बातमी पुढे न पाठवता 'ही खरी आहे का?' असे विचारणे, हा तो सराव. या प्रसंगांत जीव जात नाही. थोडा वाईटपणा येतो, कोणीतरी चार दिवस बोलत नाही. एवढी किंमत मोजायची सवय नसलेला माणूस थोलॉसच्या दारात मोठी किंमत मोजेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

सॅलमिसला गेलेल्या चौघांची नावे प्लेटोने दिलेली नाहीत. त्यांच्यात कोणी क्रूर असेल, कोणी भित्रा, कोणाच्या घरी लहान मुले असतील. बहुधा ते आपल्यासारखेच होते. वाटेत, होडीत बसल्यावर, त्यांच्यापैकी एखाद्याला त्या घरी गेलेल्या माणसाची आठवण झाली असेल का? आणि त्याने शेजाऱ्याकडे पाहिले असेल, तेव्हा शेजाऱ्याने मान वळवली असेल का? दोघांपैकी एकाने तोंड उघडले असते तर कदाचित होडी परत फिरली असती.